मातृभाषेचा रकाना



शाळेत नवा विद्यार्थी दाखल करून घेताना 'मातृभाषा' या रकान्यापाशी शिक्षकाची लेखणी क्षणभर थबकते. आमच्या बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात घरी एक भाषा, पेठेत दुसरी आणि कचेरीत तिसरी बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. रकान्यात मात्र एकच शब्द मावतो.

हा पेच जुना आहे. १८८१ च्या खानेसुमारीत मातृभाषेची पृच्छा झाली. पुढे नियम ठरले : बालपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, आई लवकर निवर्तली असल्यास त्या घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा. पुढे इतर अवगत भाषांसाठी निराळी जागा आली; मातृभाषेची जागा एकेरीच राहिली.

२०२७ ची जनगणना संगणकीय पद्धतीने योजलेली आहे. संगणकाच्या 'जेसन' या लेखनपद्धतीत रकाने आखण्याचे काम 'स्कीमा' करतो. वय म्हणजे पूर्णांक, नाव म्हणजे अक्षरे, अवगत भाषा म्हणजे यादी, असा प्रत्येक नोंदीचा प्रकार तो आधीच सांगून ठेवतो. वयाच्या जागी कोणी 'चाळीस' असे अक्षरी लिहिले, तर तपासणीत ती नोंद नाकारली जाते. परंतु 'मराठी' हा शब्द खरा की खोटा, हे त्या तपासणीला उमगत नाही. ती केवळ आकार पाहते.

आमच्याकडे या एका शब्दावर मोठा भार पडला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. खेडे हा घटक धरून भाषिक बहुसंख्येप्रमाणे सीमा आखावी, ही महाराष्ट्राची मागणी खानेसुमारीच्या आकड्यांवर उभी होती. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्रास देण्याची आणि बेळगाव शहर म्हैसुरातच ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती अमान्य केली आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

२०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषांची १९,५६९ नावे सांगितली; छाननीअंती १,३६९ उरली. छाननी आवश्यकच होती. पण कोणते नाव कोणत्या नावात मिळवावे, हा निर्णय शेवटी माणसांचाच होता.

रकाना आखणारा मनुष्य उत्तर येण्यापूर्वीच उत्तराची मर्यादा ठरवीत असतो. म्हणून दाखल्याच्या वेळी मी अंदाजाने लिहीत नाही. मुलाच्या आईला विचारतो, आणि ती सांगेल तोच शब्द लिहितो.