एका पोल्काची तबकडी

पोल्का हा शब्द ऐकतांच घरांतील मंडळींना पोलकें आठवेल. परंतु आज ज्या पोल्काविषयीं मी बोलणार आहें तें एक नृत्य आहे, आणि त्या नृत्याबरोबर वाजविण्याची जी दोन मात्रांची चपळ गत, तिलाही पोल्काच म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ती बोहेमियांत जन्मली, १८४४ च्या सुमारास पॅरिसनें तिला डोक्यावर घेतलें, आणि युरोपांतून पोटासाठीं बाहेर पडलेल्या लोकांबरोबर ती अटलांटिकपलीकडे गेली. टेक्सासांत वसलेल्या जर्मन व चेक शेतकऱ्यांनीं ती आणली. मेक्सिकोच्या शहरांतही ती पोंचली होती. असें दोन्हीं अंगांनीं आलेलें हें नृत्य रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यांतील स्पॅनिश बोलणाऱ्या मजुरांनीं आपलेंसें केलें. मेक्सिकन वंशाच्या या टेक्सासकरांना तेहानो म्हणतात.

या खोऱ्यांत नार्सिसो मार्तिनेस नांवाचा एक शेतमजूर होता. जन्म १९११ चा, नदीच्या मेक्सिकन तीरावरील रेनोसा गांवचा. त्याच वर्षीं आईबाप त्याला घेऊन टेक्सासांत आले. शाळा बेताचीच. दिवसां शेतांत राबावें आणि नाचाच्या रात्रीं बटणांचा अकॉर्डियन वाजवावा, असा त्याचा क्रम. बिशप नांवाच्या गांवीं राहत असतां तेथील चेक व जर्मन वादकांच्या गती त्यानें नुसत्या कानानें उचलल्या.

अकॉर्डियन हें आपल्या पेटीच्याच कुळांतील वाद्य. दोहोंत भात्याच्या वाऱ्यानें धातूच्या बारीक जिभा कांपतात आणि सूर निघतो. तेहानोंपैकीं ज्यांच्या गांठीं चार पैसे होते ते या वाद्यापुढें नाक मुरडीत. तें गुत्त्यांतलें, मजुरांचें वाद्य. वाद्यांच्या नशिबींही जातपात असते. आपल्या नभोवाणीनें १९४० पासून सुमारें तीन दशकें पेटीला दार बंद ठेवलें होतें. त्याचीं कारणें निराळीं होतीं हें खरें, परंतु पेटीवाल्यांना त्यामुळें समाधान वाटलें असेल असें मला वाटत नाहीं.

आतां तबकडीकडे वळूं. १९२८ सालीं ब्रुनो व्हियारेआल या वादकानें ओके कंपनीसाठीं रेकॉर्डें भरलीं, आणि तेहानो अकॉर्डियन प्रथमच मेणावर उमटला. पुढें मंदी आली. १९२७ सालीं अमेरिकेंत १० कोटींहून अधिक तबकड्या खपल्या होत्या. १९३२ सालीं हा आंकडा ६० लाखांच्या आसपास उतरला. आपल्याकडे हिज् मास्टर्स व्हॉइसच्या तबकडीवर कर्ण्यापुढें बसलेला जो कुत्रा आपण पाहिला आहे, तोच तिकडे व्हिक्टर कंपनीच्या दारीं होता. या व्हिक्टरनें गरीब गिऱ्हाइकांसाठीं ब्लूबर्ड नांवाची स्वस्त शाखा काढली. व्हिक्टरची तबकडी ७५ सेंटांची, तर ब्लूबर्डची ३५ सेंटांची. मजुराला परवडेल अशा तबकडीवर मजुराला रुचेल तेंच संगीत हवें, हा हिशेब कंपनीनें बरोबर केला. तिचे लोक यंत्रें घेऊन सान आंतोनियो शहरीं येत, हॉटेलांत खोल्या भाड्यानें घेत, आणि आसपासच्या वादकांना बोलावून दिवसाकांठीं कितीतरी गाणीं भरून घेत.

अशाच एका बैठकींत, १९३६ च्या सुमारास, मार्तिनेसनें ‘ला चिचारोनेरा’ ही पोल्का भरली. चिचारोन म्हणजे डुकराच्या कातड्याचे तळलेले कुरकुरीत तुकडे. ते करणारी वा विकणारी बाई ती चिचारोनेरा. आपल्या भाषेंत एखाद्या गतीला ‘भजीवाली’ म्हणावें तसेंच हें. तबकडीच्या दुसऱ्या बाजूस ‘एल त्रोंकोनाल’ नांवाची शॉटिश जातीची नृत्य-गत होती. शब्द नाहींत, गायक नाहीं. तीन मिनिटांत आटोपणारें नुसतें वादन. पण तबकडी बाहेर पडली आणि खोऱ्यांत तिचा एकच बोलबाला झाला.

हें यश कशाचें, तें ऐकणाऱ्याला फार वेळ शोधावें लागत नाहीं. मार्तिनेसबरोबर सांतियागो अल्मेइदा नांवाचा साथीदार होता. त्याचें वाद्य बाहो सेक्स्तो, म्हणजे तारांच्या सहा जोड्यांचें, बारा तारांचें, गिटारीहून खालच्या सुराचें. अकॉर्डियनला उजव्या बाजूस गतीचीं बटणें असतात आणि डाव्या बाजूस खर्जाचीं व साथीच्या स्वरसमूहांचीं. जर्मन पद्धतीचा वादक दोन्ही हात चालवितो. मार्तिनेसनें डावी बाजू जवळ जवळ सोडून दिली. खर्ज आणि ताल हें सारें अल्मेइदाच्या तारांवर टाकलें आणि स्वतः उजव्या हातानें तुटक, स्वच्छ, झपाट्याचे सूर काढूं लागला. भात्याच्या घोंगावण्यांत बुडालेली गत त्यामुळें मोकळी झाली. तारेचा टणत्कार आणि बटणांची चपळाई एकमेकांत मिसळत नाहींत, शेजारीं शेजारीं चालतात. तेहानो लोक या मेळाला कोन्हुंतो म्हणतात, आणि मार्तिनेसला त्या मेळाचा जनक.

त्या वेळीं हीच एक वाट होती असें मात्र नव्हे. त्याच १९३६ सालीं सान आंतोनियोच्या सांतियागो हिमेनेसनें डेक्का कंपनीसाठीं वादन भरलें; तो डाव्या बाजूचा खर्जही वाजवी, आणि त्याचें वादन अधिक सौम्य, अधिक गोड. मला व्यक्तिशः तें आवडतें. परंतु पुढच्या पिढीनें अनुकरण केलें तें मार्तिनेसचें.

कंपनीला यांतलें काय कळलें होतें? मला वाटतें, खपाखेरीज कांहीं नाहीं. वादनांत शब्द नसल्यामुळें त्यास भाषेचें कुंपण नव्हतें. तेव्हां मार्तिनेसच्याच कांहीं तबकड्या लुइझियानांतील फ्रेंच बोलणाऱ्या लोकांना ‘लुइझियाना पीट’ या नांवानें, तर पोलिश गिऱ्हाइकांना ‘पोलिश चौकडी’ अशा अर्थाच्या नांवानें विकण्यांत आल्या. चौकडी कसली, दोघेच होते! वादकाच्या पदरीं ठरलेली रोख रक्कम पडे. खपावर हक्क नाहीं. ज्याच्या बोटांचा नाद तीन समाजांत गाजत होता, त्याचें नांव त्यांतल्या दोहोंस ठाऊक नव्हतें, आणि तबकड्या खपत असतांही त्याची मजुरी सुटली नाहीं.

मग युद्ध आलें. तबकडीचा एक मुख्य घटक म्हणजे लाख, आणि जगाला लाख पुरविणारा मोठा प्रदेश म्हणजे आपला छोटा नागपूर व त्याभोंवतालचा मुलूख. पळस-कुसुंबाच्या फांद्यांवरील हा किड्यांचा राळ-पदार्थ कोठून कोठें जात होता पहा! जहाजवाहतूक अडली, लाख युद्धसामग्रीकडे वळविली गेली, आणि १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें तबकड्यांच्या लाखेवर कडक निर्बंध घातले. त्याच वर्षीं ऑगस्टांत तेथील वादकसंघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. मोठ्या कंपन्यांनीं तेहानो संगीताकडे पाठ फिरविली, ती बव्हंशीं कायमचीच.

पण गिऱ्हाईक तर होतेंच. १९४६ सालीं ॲलिस गांवच्या आर्मांदो मार्रोकीन यांनीं आयदिआल नांवाची तेहानोंची स्वतःची कंपनी उभी केली. आरंभींचें ध्वनिमुद्रण त्यांच्या राहत्या घरांत होई. कार्मेन व लाउरा या भगिनींच्या गाण्यास साथ करण्यासाठीं मार्तिनेसलाच बोलावण्यांत आलें. पुढें नव्या वादकांनीं ढोल आणले, विजेचीं वाद्यें आणलीं, आणि १९५० नंतर तोनी दे ला रोसा यानें पोल्काची गति मुद्दाम संथ केली. ‘ला चिचारोनेरा’च्या वेगाशीं हें वादन ताडून पाहिलें म्हणजे नाच कसा बदलला तें कळतें.

मार्तिनेसनें उतारवयांत ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयांत जनावरांची देखभाल केली. १९७० च्या दशकांत ख्रिस स्ट्राख्विट्झ यांनीं त्याच्या जुन्या तबकड्या हुडकून दीर्घ तबकडीवर पुन्हां काढल्या, आणि १९७६ च्या ‘चुलास फ्रोंतेरास’ या चित्रपटांत तो लोकांना दिसला. १९८३ सालीं अमेरिकन सरकारच्या कलासंस्थेनें त्याला लोककलावंतांचा राष्ट्रीय सन्मान दिला. अल्मेइदाला तो मिळण्यास १९९३ साल उजाडावें लागलें. तोपर्यंत मार्तिनेस गेला होता, १९९२ च्या जूनमध्यें, सान बेनितो येथें. त्या गांवीं त्याच्या नांवाचें कलाकेंद्र आहे. कोन्हुंतोचे वादक अजूनही उजव्या हातानेंच वाजवितात, आणि कित्येक जण तर नवा अकॉर्डियन घेतला कीं त्याच्या डाव्या बाजूच्या जिभा काढूनच टाकतात.