मार खाऊन टिकलेले

आमच्या गावात, निंबर्ग्यात, म्हाताऱ्यांना शाळेचं विचारलं की आधी छडी निघते. कुठल्या झाडाची, किती ओली, कुठं बसली. शिकवलं काय, ते फारसं कुणी सांगत नाही.

आमच्या आजोबांचंही तेच. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. निझामाच्या राज्यात सरकारी शाळेची भाषा उर्दू. त्यांच्या घरात मराठी, शिवारात कन्नड. पावकी-दिडकी तोंडपाठ होती. पण मास्तरांनी विचारलं की उत्तर मराठीतच घशाशी यायचं आणि उर्दूत फिरवेपर्यंत छडी बसायची. मग ते गप्प राहायला शिकले. गप्प पोरगं म्हणजे ठोंब्या, हे ठरलेलं. "मास्तर वाईट नव्हते रे," अण्णा म्हणायचे, "तपासायला सायेब आला की त्यांचेबी हात कापायचे."

तशी वेगळी शाळा फार लांब नव्हती. हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली होती. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, १९२९ मध्ये तिथं शिकवायला आले. पण निंबर्ग्याच्या पोराला हिप्परगा काय नि हैदराबाद काय, सारखंच.

पुढं बी.एड. करताना वर्गावर ताबा कसा ठेवायचा हे मला शिकवलं गेलं. पोर गप्प का आहे, हा प्रश्न भेटला तो लीलाताई पाटील यांच्या लिखाणात. ना. सी. फडक्यांची ही मुलगी. शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांत त्यांनी वर्षानुवर्षं प्राध्यापकी केली आणि निवृत्तीनंतर, १९८५ साली, कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं. मोठ्या माणसांना शिकवलेलं लहान मुलांपुढं टिकतं का, हे पाहायची हिंमत किती प्राध्यापक करतात? मला तरी फार दिसले नाहीत. मूल घाबरलेलं असलं, त्याचा अपमान झालेला असला, तर धडा आत जात नाही. त्यामुळे मुलाचं मन सांभाळणं हे शिकवण्याआधीचं लाडाचं काम नाही, तो शिकवण्याचाच भाग आहे, हे त्यांचं म्हणणं. ती शाळा मराठी माध्यमाची, हेही मला महत्त्वाचं वाटतं. अण्णांच्या भीतीत निम्मा वाटा भाषेचा होता.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं मारासोबत मानसिक छळालाही बंदी घातली. छडी सापडते तरी. मानसिक छळ कसा सापडणार? भाषेची भीतीही तशीच राहिली. १९५६ मध्ये आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, उर्दूच्या जागी कन्नड आली. घरी मराठी बोलणारं पोर पहिलीत अजूनही आधी तोंड मिटूनच बसतं.

भीतीनं शिकणं अडतं, हे अण्णांना कधी पटलं नाही. "मार खाल्ला म्हणून चार अक्षरं आली," असं ते ठासून सांगायचे. पण ते टिकलेले. त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याच शेजारी बसायचा. एकदा मार खाऊन पळाला तो थेट गुरांमागं. आख्ख्या गल्लीच्या ज्वारीचा हिशेब पुढं तोच तोंडी करायचा. त्या आजोबांना मी शाळेचं विचारलं, तर तंबाखू मळत म्हणाले, "शाळा? म्या कवा गेलतो शाळेला?"