थंड आसनाचा इतिहास : वाळ्याच्या ताट्यांपासून सच्छिद्र चामड्यापर्यंत

आजचा धागा जरा वेगळ्या विषयावर. गेल्या मे महिन्यात मामांच्या नव्या गाडीतून पुण्याहून सोलापूरला जाण्याचा योग आला. आसनांतून वारा येतो, ही त्या गाडीची मोठी मिरवण्याची बाब. प्रत्यक्षात इंदापूर येईपर्यंत पाठीला ऊन झळाच लागत होत्या. मामांनी गाडी दोनदा दुरुस्तीला नेली. दोन्ही वेळा उत्तर एकच : "काही दोष नाही." मामा संतापले. मी मात्र इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून कपाटाकडे वळलो.

बसल्या जागी गारवा मिळवण्याची धडपड आपल्याकडे जुनी आहे. उन्हाळ्यात दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत. कोरडा वारा त्यांतून आत येताना पाण्याची वाफ होई आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतूनच खेचली जाई. कंपनी सरकारच्या काळात गोऱ्या साहेबांनी याला यंत्राची जोड दिली. 'थर्मँटिडोट' नावाच्या लाकडी पेटाऱ्यात हाताने फिरवायचा पंखा असे आणि बाजूंना ओल्या ताट्या. युक्ती नामी होती. पण ती कोरड्या मुलखातच चाले. मुंबईच्या दमट हवेत पाणी वाळणार तरी कसे?

तिथे उरला छताला टांगलेला पंखा, आणि त्याची दोरी ओढणारा माणूस. साहेब आत गारव्यात निजलेला आणि पंखेवाला बाहेर व्हरांड्याच्या उकाड्यात, रात्रभर. त्याला डुलकी लागली, पंखा थांबला, की लाथा बसत. अशा मारहाणीत पंखेवाले दगावल्याची प्रकरणे वसाहतकालीन न्यायालयांपुढे आली. मृताची प्लीहा आधीच सुजलेली होती, असा वैद्यकीय दाखला पुढे करून गोऱ्या आरोपीला किरकोळ शिक्षेवर सोडल्याचे निवाडे त्या काळात वारंवार आढळतात. 'गारवा' हा शब्द वाचताना मला हे निवाडे विसरता येत नाहीत.

यंत्रयुगातही पेच तोच राहिला : काढलेली उष्णता टाकायची कुठे? मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला १९३४ साली वातानुकूलित डबा जोडला गेला, तेव्हा डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरून त्यांवरून हवा फिरवत. वाटेत ठरावीक स्थानकांवर बर्फ पुन्हा भरावा लागे. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या गाड्यांत शीतयंत्र देऊ केले. त्याने सामानाच्या कप्प्याची बरीच जागा खाल्ली. बंद करायचे, तर गाडी थांबवून बॉनेट उघडायचे आणि पट्टा काढायचा!

आसनाची पाळी फार उशिरा आली, आणि तीही स्वीडनसारख्या थंड देशातून. साब कंपनीच्या १९९७ साली आलेल्या ९-५ या गाडीत छिद्रे पाडलेल्या चामड्याखाली छोटे पंखे बसवण्याची सोय होती. ते अंगाजवळची दमट हवा शोषून घेत. इथे शीतयंत्र नव्हतेच. होती ती आपल्या वाळ्याच्या ताटीचीच युक्ती. फरक इतकाच, की शिंपडलेल्या पाण्याची जागा घामाने घेतली.

खरोखर थंड होणारे आसन ही निराळी गोष्ट. १८३४ मध्ये, एकेकाळी घड्याळजी असलेल्या झाँ शार्ल पेल्तिए या फ्रेंच माणसाला दिसले, की दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज सोडली, की तो सांधा थंड पडतो आणि प्रवाह उलटवला, की तापतो. १८३८ मध्ये लेंझने अशाच सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून दाखवला. पुढे अर्धवाहकांमुळे हे तत्त्व उपयोगात आले आणि अमेरिगॉन कंपनीने त्यावर बेतलेली आसने २००० सालच्या लिंकन नेव्हिगेटर गाडीत बसली. पण एक बाजू थंड झाली, की दुसरी तापणारच. ती उष्णता आसनाखालून गाडीतच सोडली जाते. व्हरांडा पुन्हा हजर!

आज आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांत जी आसने मिळतात, ती बहुतेक पंख्याची, पहिल्या जातीची. जाहिरातीत मात्र 'गार' हाच शब्द तोऱ्यात झळकतो. पंखा गाडीतलीच हवा ढकलतो किंवा ओढतो. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत आसनेही भाजत असतात आणि हवाही. मग शीतयंत्राने आतली हवा निवेपर्यंत पाठीला झळच लागणार. त्यात छिद्रांत धूळ बसली, किंवा वरून हौसेने रेक्झिनचे कव्हर चढवले, की वाऱ्याची वाटच बंद. मामांनी नेमके तेच केले होते!

कव्हर आता निघाले आहे. मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्यांच्या आसनांवर लाकडी मण्यांची जाळी असे, आठवते? पाठ आणि रेक्झिन यांच्यात बोटभर वारा खेळता ठेवायची ती सोय. ना वीज, ना कोणाच्या हातात दोरी. मामांनी परवा तशीच एक विकत आणली आहे आणि ती कुठे लावायची, यावर मामींशी वाद चालू आहे.