उंची, वजन आणि वस्तादाची नजर

१/ धिप्पाड खेळाडू शोधून आणावा, की हाताशी असलेल्याला घडवावे? महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या चाहत्यांत हा वाद सतत रंगतो. तेथील कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते आणि उंची कोणालाही शिकवता येत नाही. महाराष्ट्रात हाच प्रश्न शतकापूर्वी कुस्तीच्या मातीत उभा राहिला होता.

२/ १८९४ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूरचा कारभार हाती घेतला. मल्लविद्येला राजाश्रय मिळाला आणि पंजाबचे बलाढ्य पैलवान कोल्हापुरात येऊ लागले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले. त्याच प्रेरणेतून १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. त्या मैदानात गाजलेल्या पहिल्या लढतीचा विजेता होता गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष.

३/ मात्र तयार मल्ल आणण्यावरच महाराज थांबले नाहीत. गावोगावच्या पोरांसाठी तालमी, वस्ताद आणि खुराक यांची सोय झाली. पाहुण्या पैलवानांची कुस्ती पाहत आणि त्यांच्याशी झुंजत स्थानिक मल्ल तयार होऊ लागले. आणलेला माणूस हा घडणाऱ्यांचा कसोटीचा दगड ठरला.

४/ या पेरणीचे पीक उशिरा हाती आले. १९५९ मध्ये कोल्हापूरच्या तालमीत तयार झालेले एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे यांनी पंजाबच्या बंतासिंगांना हरवून पहिला ‘हिंदकेसरी’ किताब पटकावला. महाराजांच्या निधनाला तेव्हा ३७ वर्षे लोटली होती.

५/ या परंपरेची एक मर्यादाही होती. मैदानात जोड लावली जाई ती नजरेने. गर्दी लोटे ती अवाढव्य देहांसाठी. चणीने लहान असलेला मल्ल कितीही चपळ असला, तरी मोठ्या इनामाच्या कुस्तीपासून तो दूरच राही.

६/ कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अशाच चणीचे होते. उंची सुमारे साडेपाच फूट. राजाराम महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेसाठी क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव घेण्यास नकार दिला. खाशाबा प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून सरस मानल्या गेलेल्यांना त्यांनी चीत केले.

७/ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरच्या कुस्तीचा फारसा सराव नसतानाही ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

८/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ऑलिंपिक कुस्तीतील वजनी गटांनी खाशाबांना न्याय्य जोड मिळवून दिली. बास्केटबॉलमध्ये असे गट नाहीत. म्हणून तेथे उंच मुलाचा शोध अपरिहार्य ठरतो. तरीही केवळ शोध पुरत नाही. सात फुटांहून उंच असलेला पंजाबचा सतनामसिंग भामरा लुधियानाच्या अकादमीत शिकला, २०१० मध्ये अमेरिकेला गेला आणि २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. परंतु एनबीएच्या मुख्य स्पर्धेचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

९/ महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनींसाठी मुले निवडताना आजही उंची आणि वजन मोजतात. त्या मोजमापाचा उपयोग आहेच. पण सातपुड्याच्या माथ्यावरच्या तोरणमाळपासून कृष्णाकाठच्या गोळेश्वरपर्यंत, मोजपट्टीत न बसलेल्या मुलाला दुसरी संधी कोण देणार, हा प्रश्न उरतो. कोल्हापुरात ती एका प्राचार्याने दिली. क्रीडाशिक्षकांचा नकार अखेरचा ठरला असता, तर हेलसिंकीचे पदक भारताला मिळाले नसते. पुढच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले.