प्रेरणा-संवाद

१४. प्रेरणा-संवाद : दारू, तंबाखू अथवा तत्सम व्यसनाच्या आहारी गेलेल्या प्रौढास उपदेश वा ताकीद न देता, मोकळे प्रश्न विचारून व त्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकून, परिवर्तनाची कारणे त्याच्याच मुखातून प्रकट होऊ देणारी समुपदेशनपद्धती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी ती १९८३ साली मद्यासक्तांच्या संदर्भात मांडली व १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह ग्रंथरूपाने विस्तारली. ही टीप ज्या प्रसंगास जोडली आहे तो जेथे घडतो, ते वावर हे जव्हार तालुक्यातील, पूर्वी ठाणे व १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याच्या अंमलाखालील आदिवासी गाव. व्यसन सोडण्याचा अखत्यार सर्वस्वी त्या व्यक्तीचाच, हे या पद्धतीचे मर्म ध्यानी घेतल्यास वावरमधील त्या प्रसंगी व्यसनी व्यक्तीशी बोलताना आरोग्यसेविकेने उत्तराची घाई का केली नाही, याचा उलगडा होतो.