चोवीस, पंचवीस आणि तीस

शिरवणे गावठाणात हळदीच्या रात्री डीजे सुरू झाला की निम्मा मांडव नाचतो आणि उरलेला निम्मा मोबाइल वर धरतो. अशाच एका मांडवात शूट केलेलं गाणं भाच्याने लॅपटॉपवर कापून-जोडून तयार केलं आणि एक्सपोर्टच्या खिडकीपाशी अडला. "मामा, फ्रेम रेट किती टाकू? चोवीस, पंचवीस की तीस?" खाली कोडेक, बिटरेट असे आणखी चार-पाच रकाने. "कितीवर शूट केलंयस?" "तीसवर." "मग तीसच ठेव." उत्तर एवढंच. पण या तीन आकड्यांची कुळं वेगळी आहेत आणि ती माहीत नसल्यानेच बराचसा घोळ होतो.

चोवीस हा थिएटरच्या घरातला. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तो हाताने फिरवायचा. मूकपटात सेकंदाला सोळा फ्रेम पडल्या काय आणि वीस पडल्या काय, फारसं अडत नसे. आवाज आला आणि ही मोकळीक संपली. चित्राचा वेग थोडा हलला तर डोळा चालवून घेतो. गाण्याचा हलला तर कान लगेच तक्रार करतो. म्हणून १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बोलपटांसाठी २४ हा वेग पक्का झाला, म्हणजे मिनिटाला बरोबर ९० फूट फिल्म. पुढे जगभरचे बोलपट याच मापावर आले. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गेला आणि नावाजला गेला. कोल्हापूर-पुण्याच्या मंडळींची कला तिथे दिसू शकली, कारण फिल्मची रुंदी आणि धावण्याचा वेग यांवर जगाचं एकमत झालेलं होतं. महोत्सवाला चित्रपट पाठवणं म्हणजे आधी हे माप पाळणं, ते तेव्हापासून.

पंचवीस विजेच्या घरातला. इंग्लंड-युरोपात वीज ५० हर्ट्झची. टीव्हीच्या चित्राची गती विजेशी जुळवली नाही, तर जुन्या संचांच्या पडद्यावर आडवे पट्टे सरकत राहायचे. म्हणून ५०ची निम्मी, २५. आपली वीजही ५० हर्ट्झचीच, त्यामुळे २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते याच गतीवर. आता २४चा चित्रपट २५च्या टीव्हीवर दाखवायचा कसा? सरळ थोडा जोरात पळवून. अशा प्रक्षेपणात अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं आधी संपतो आणि गायकाचा आवाज किंचित चढा लागतो.

तीस हा अमेरिकन. तिथली वीज ६० हर्ट्झची, तिची निम्मी ३०. तिथे १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा संकेत आवाजाच्या संकेताशी भांडू नये म्हणून तीसला अगदी थोडी कात्री लागली आणि २९.९७ हा विचित्र आकडा जन्माला आला. एक्सपोर्टच्या यादीत तो अजून ठाण मांडून आहे. बहुतेक मोबाइल सुरुवातीपासून तीसवरच लावलेले असतात. म्हणजे दिवे शिरवण्याच्या विजेवर आणि कॅमेरा अमेरिकेच्या गतीवर. आपले दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात; शटर १/६० वर गेलं की स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे लोळायला लागतात. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधलं की ते थांबतात.

कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याची रीत. तिचं कूळ तिसऱ्याच घरातलं, टेलिफोनच्या. १९९०च्या सुमारास एच.२६१ हे मानक आलं, ते ६४ किलोबिटच्या पटीत धावणाऱ्या टेलिफोनच्या लाइनवरून चित्र पाठवण्यासाठी. त्याच्या मुळाशी असलेलं गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. ते अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी सरकारी अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये त्यांनी ती छापली. चित्राचे आठ गुणिले आठचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनातले ६४ ठिपके लहान-मोठ्या लाटांच्या बेरजेत मांडायचे आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या बारीक लाटांवर पाणी सोडायचं. २००३ मध्ये आलेला एच.२६४ याच वंशातला. तो शिवाय आधीच्या-पुढच्या फ्रेमकडून चित्र उसनं घेतो. जे हललं नाही, ते पुन्हा लिहीत नाही.

हळदीच्या नाचात नेमकं इथे बिनसतं. तिथे सगळंच हलत असतं, लाइट लुकलुकत असतात, उसनं घ्यायला काही उरत नाही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारा डेटा, कमी पडला की तेच चौकोन उघडे पडतात आणि आपण म्हणतो, "व्हिडिओ फुटतोय." हिशेब बघा: १९२० गुणिले १०८० ची एक कच्ची फ्रेम सुमारे ६.२ एमबीची. यूट्यूब या मापाला ८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट, सुचवतं. २५ फ्रेमवर एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी ४० केबी येतात. त्यावर यूट्यूब स्वतः पुन्हा दाबतं ते वेगळंच. म्हणून नाचगाण्याला बिटरेट देताना हात आखडू नये.

थिएटरच्या घराने मात्र आपली रीत सोडलेली नाही. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन २००५ मध्ये डीसीपीचे, म्हणजे थिएटरात दाखवायच्या डिजिटल प्रतीचे, नियम काढले. तिथे प्रत्येक फ्रेम फिल्मच्या पट्टीवरच्या चित्रासारखी स्वतंत्र, उसनवारी नाही. बिटरेट २५० एमबीपीएसपर्यंत. तीन मिनिटांचं गाणं यूट्यूबसाठी १८० एमबीत बसतं, डीसीपीत ते साडेपाच जीबीपर्यंत जाऊ शकतं. महोत्सवाची निवड समिती सहसा आधी लिंकवर बघते, तिला एच.२६४ पुरतो, डीसीपी लागतो निवड झाल्यावर. त्यात २५ चालते, पण जुन्या पद्धतीच्या डीसीपीला २४च लागते. तीसवर शूट करून चोवीसवर एक्सपोर्ट मारला, तर दर पाचवी फ्रेम गळते आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. नंतर कुठल्याच रकान्यात त्यावर उतारा नाही.

भाच्याचं गाणं तीसवरच गेलं, ते ठीक झालं. पण पुढे लघुपट करायचा आणि महोत्सवाला पाठवायचा बेत असेल, तर पहिल्या शॉटआधी कॅमेऱ्यात २४ किंवा २५ लावा आणि शेवटपर्यंत तोच आकडा ठेवा.