राजाची अंगठी विकली, पदक मात्र जपले

गायनस्पर्धेचे पदक घरी आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "खऱ्या सोन्याचे का हो?" जुनी पदके जमवणाराही आधी हेच विचारतो. पण संगीतकारांच्या गौरवासाठी पाडलेल्या सुवर्णपदकांच्या जिवावर बहुतेकदा त्यांचे सोनेच उठले. कांस्याचे पदक कपाटात पडून राहते. सोन्याचे पदक अडीअडचणीला सोनाराच्या मुशीत जाते. म्हणून एखादे सुवर्णपदक टिकलेच, तर ते का टिकले हे पाहण्यासारखे असते.

बीथोवनचे उदाहरण घ्या. १८२३ साली त्याने आपल्या 'मिस्सा सोलेम्निस' या भव्य धार्मिक रचनेच्या हस्तलिखित प्रती युरोपातील राजदरबारांना ५० डुकाटांना देऊ केल्या. दहा जणांनी त्या घेतल्या. प्रशियाच्या वकिलाने त्याला विचारले, "पैसे हवेत की राजाचे मानचिन्ह?" पैशांची नेहमीच ओढाताण असलेल्या बीथोवनने क्षणाचाही विचार न करता पैसे मागितले.

फ्रान्सचा राजा अठरावा लुई याने मात्र १८२४ च्या आरंभी एक सुवर्णपदक पाठवले. वजन २१ लुई नाण्यांइतके, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा तोळ्यांहून अधिक. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला राजाकडून श्रीयुत बीथोवन यांस दिल्याचा मजकूर. पुढे १८२६ मध्ये नववी सिंफनी अर्पण केल्याबद्दल प्रशियाच्या राजाकडून अंगठी आली. अपेक्षा हिऱ्याची होती, निघाला तांबूस खडा! बीथोवनने ती जवाहिऱ्याला विकून टाकली. लुईचे पदक मात्र त्याने मोडले नाही. ते आजही व्हिएन्नाच्या 'संगीतमित्र मंडळा'च्या संग्रहात आहे. अंगठी कोणाच्याही बोटात शोभली असती; पदकावर त्याचे नाव होते.

त्याचा गुरू हायडन याच्या पदकाची गोष्ट तर अधिक हृद्य आहे. २४ डिसेंबर १८०० रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात त्याची 'सृष्टी' ही रचना सादर झाली. ती ऐकायला निघालेल्या नेपोलियनवर त्याच संध्याकाळी वाटेत बॉम्बहल्ला झाला होता. पुढच्या वर्षी तिथल्या वादक-गायकांनी गातो या कारागिराकडून हायडनचे पदक घडवून घेतले व सोन्याची प्रत व्हिएन्नाला धाडली. हा मान राजाचा नव्हे, रचना वाजवणाऱ्यांनी व गाणाऱ्यांनी दिलेला होता.

संग्राहकाने म्हणूनच तराजूआधी भिंग उचलावे. जुन्या साच्यांतून पुढे अनेक वर्षे नव्या प्रती पाडल्या जात. पॅरिसच्या टांकसाळीच्या पदकांचा काठ पाहावा : १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८७९ मधमाशी, १८८० पासून फळाफुलांनी भरलेले शिंग व शेजारी धातूचे नाव. मुलामा ओळखायला पाण्यातले वजन घ्यावे. शुद्ध सोने पाण्याच्या १९.३ पट जड असते, कांसे नऊ पटीच्याही आत. आणि पदक कधीही घासून चकचकीत करू नये. घासताना अक्षरे झिजतात, आणि खरी किंमत त्या अक्षरांचीच असते.

आपल्याही घरांत आजोबांचे गायनाचे किंवा आजीचे परीक्षेतले एखादे पदक डब्यात असेल. त्यावर बहुधा नाव आणि साल एवढेच असते. ते कोणी, कोणत्या गाण्यासाठी, कोणत्या सभेत दिले हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. सोन्याचा भाव कोणताही सराफ सांगेल, ही हकीकत मात्र तो सांगू शकणार नाही. यंदा गणपतीला सगळे घरी जमतील, तेव्हा डबा उघडा, वडीलधाऱ्यांना विचारा आणि चार ओळी लिहून पदकाबरोबर ठेवा. उद्या कुणी ते मोडायला निघालेच, तर त्या चार ओळी त्याचा हात धरतील.